झरीच्या पंपाची वेळ

दोन हजार चौदा साली मी भिवंडीची नोकरी सोडून डहाणूला घरी परत आलो. वडील नुकतेच रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि आईला मी जवळ हवा होतो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेल्या माणसाला डहाणूत काय काम मिळणार, असं सगळेच म्हणत होते. पण मिळालं. पाड्यापाड्यांवर पिण्याच्या पाण्याच्या छोट्या योजना चालवणारी एक संस्था होती. विहिरीवर विजेचा पंप, उंचावर टाकी, टाकीतून घरांजवळ नळ, अशी साधी रचना. संस्थेने प्रत्येक पंपाला एक डबा लावायचं ठरवलं होतं. डब्यात सिमकार्ड असे. पंप कधी सुरू झाला, कधी बंद झाला, किती वीज ओढली, याची नोंद तो डबा इंटरनेटवरून पाठवत असे. डहाणू आणि तलासरी तालुक्यातले असे अकरा डबे बसवायचे आणि सांभाळायचे, हे माझं काम.

पहिलं वर्ष मी मोटारसायकलवरच काढलं. डबा अडला की जायचं, झाकण उघडायचं, मुंग्या झटकायच्या, वायर घट्ट करायची. प्रत्येक ठिकाणी पंप चालवणारं एक माणूस नेमलेलं असे. ते चहा ठेवत. रानशेतच्या पंपावरचे बाबा तर मी गेलो की आधी ताडगोळे सोलायला बसत आणि मग पंपाचं सांगत.

दुसऱ्या वर्षी मी घरबसल्या त्या डब्यांत शिरायला शिकलो. लॅपटॉपवर एक काळी चौकट उघडायची, तिच्यात एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचं. पलीकडे तलासरीच्या डोंगरउतारावर भिंतीला टांगलेला डबा उत्तर द्यायचा. किती वेळ चालू आहेस, विचारलं की सांगायचा. अडखळत असला तर एका शब्दात बंद करून पुन्हा सुरू करता यायचा. माउस नाही, चित्रं नाहीत, फक्त अक्षरं. मला ते फार आवडलं. ज्या कामाला पूर्वी अख्खा दिवस जायचा ते दहा मिनिटांत व्हायला लागलं. हळूहळू माझी मोटारसायकल अंगणात उभी राहू लागली आणि मी खिडकीजवळच्या टेबलापाशी बसू लागलो. संस्थेचे प्रमुख ठाण्याला असत. ते फोनवर म्हणाले, "पेट्रोलचा खर्च एकदम खाली आलाय. छान चाललंय तुमचं." मला बरं वाटलं.

झरीच्या बाजूच्या एका पाड्यावरचा पंप एक बाई चालवत. पंचेचाळिशीच्या असतील. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन उंबरगावकडे दिलेली. मी त्यांना ताई म्हणायचो. त्या मला दादा म्हणायच्या आणि त्यांच्या बोलीप्रमाणे अरे-तुरे करायच्या. सकाळी साडेसहाच्या सुमारास पंप लावायचा, टाकी भरली की बंद करायचा, संध्याकाळी पाचला पुन्हा तासभर लावायचा, हे त्यांचं काम. लिहिता येत नव्हतं. पंपघराच्या आतल्या भिंतीवर त्या कोळशाने रेघा ओढत, सकाळची एक आणि संध्याकाळची एक. नोंदवही द्यावी असं मला सुचलं होतं, पण डबा नोंद ठेवतोच आहे म्हटल्यावर मी ते सोडून दिलं.

त्या पाड्यावर मोबाइलला रेंज उत्तम असे, कारण पलीकडे गुजरातचा टॉवर होता. फोन काढला की रोमिंगचा मेसेज यायचा. त्यामुळेच मी नवं काही करून बघायचं असेल तर आधी तिथल्या डब्यावर करून बघायचो. दोन हजार पंधराच्या पावसाळ्यानंतर मी डब्यासाठी नवा प्रोग्राम लिहिला. जुना सारखा अडकायचा, नवा अडकला तर आपोआप सावरायचा. घरी बसून मी तो झरीच्या डब्यात उतरवला. पंप सुरू-बंद झाल्याचं दिसतंय, विजेचा आकडा येतोय, नोंद पोहोचतेय, एवढं तपासलं आणि चौकट मिटली. बाकीचे दहा डबे जुन्या प्रोग्रामवरच राहिले. झरीच्या डब्यात नवी पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, आधीच होती; बाकीच्यांतली बदलावी लागणार होती आणि तिच्यासाठी पैसे मंजूर व्हायचे होते.

पंधरा दिवसांनी मी नेहमीचा अहवाल काढला. झरीच्या पंपाच्या वेळा बघून थबकलो. सकाळी साडेसहाला पंप लागतच नव्हता. तो दुपारी बारा वाजता लागत होता आणि दोनच्या सुमारास बंद होत होता. आणि रोज साडेदहाला, रात्रीच्या साडेदहाला, पुन्हा तासभर चालत होता.

त्या पाड्याच्या खालच्या अंगाला, रस्त्यालगत, मुंबईच्या कुणीतरी प्लॉट घेऊन बंगल्याचं बांधकाम काढलं होतं. मी शेवटचा गेलो होतो तेव्हा ते पाहिलं होतं. बांधकामाला पाणी लागतं. मला वाटलं, मला कळलं.

मी ताईंना फोन केला.

"ताई, सकाळी पंप किती वाजता लावता?"

"पहिली बस गेली का लावते. तुला ठाऊक हाय ना."

"आणि संध्याकाळी?"

"गुरं परत येतात तवा."

"रात्री लावता का कधी?"

"रातचा कशाला लावीन?" त्या हसल्या. "रातची मी झोपते."

"ताई, खरं सांगा. मला इथे सगळं दिसतंय."

"कुठं दिसतंय?"

"यंत्रात."

त्या म्हणाल्या, "यंत्र तर हितं हाय, माझ्यापाशी."

मी समजावून सांगायला लागलो, की यंत्र तिथे असलं तरी त्यातली नोंद माझ्याकडे येते आणि नोंद खोटं बोलत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "दादा, तू ये ना एक दिस सकाळचा. माझ्याकडं राहायला ये आदल्या दिवशी. तुझ्या डोळ्यांनी बघ."

मी हो म्हणालो. गेलो नाही. डहाणूहून तिथे मोटारसायकलने तास-सव्वा तास लागतो. त्या आठवड्यात मला दुसरं काही खास काम होतं असंही नाही. नोंद समोर असताना बघायला काय जायचं, असं मला वाटलं होतं.

जेवताना मी ही गोष्ट घरी सांगितली. वडिलांनी सारी नोकरी सिग्नलच्या केबिनमध्ये काढली होती. पुढच्या स्टेशनच्या माणसाशी फोनवर बोलून, त्याने दिलेला आकडा वहीत लिहून, मगच गाडी सोडायची, अशी त्यांची सवय.

"तू जाऊन आलास?" त्यांनी विचारलं.

"जायची गरज नाही बाबा. सेकंदासकट नोंद आहे."

त्यांनी मान हलवली आणि आईकडे आमटी मागितली.

अहवालात मी जे वाक्य लिहिलं ते मला अजून जसंच्या तसं पाठ आहे. 'ऑपरेटर ठरलेल्या वेळी पंप चालवत नाही. रात्री अनधिकृत वापर होत असल्याची शक्यता.' शक्यता हा शब्द लिहिताना मला आपण फार जपून लिहितोय असं वाटलं होतं. ठाण्याला तो शब्द कुणी वाचलाच नसावा. चार दिवसांत प्रमुखांचा फोन आला. "पुरावा पक्का आहे ना?" मी म्हणालो, पक्का आहे.

ते स्वतः आले. समाजमंदिराच्या ओट्यावर बैठक झाली. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, लॅपटॉप मांडीवर घेऊन. पाड्यातली पंधरा-वीस माणसं होती. बायका बाजूला उभ्या होत्या. प्रमुख तसे सज्जन होते. चारचौघांत बाईचा अपमान नको म्हणून त्यांनी वेळांचं किंवा बांधकामाचं काहीच काढलं नाही. एवढंच म्हणाले, "काही तक्रारी आल्या आहेत. कामात बदल करावा लागतोय. पंपाची चावी परत द्यावी."

ताई उभ्या राहिल्या. "कसली तक्रार?"

"ते आपण नंतर बोलू."

"माझ्या रेघा बघा," त्या म्हणाल्या. "भिंतीवर हायत. एक दिस चुकला नाय."

प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळू आवाजात सांगितलं, "सर, रेघेवर वेळ कळत नाही." ते वाक्य ताईंनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी कमरेला खोचलेली चावी काढली आणि ओट्यावर ठेवली. प्रमुखांच्या पुढ्यात नव्हे, माझ्या पुढ्यात. मग त्या घराकडे निघून गेल्या. कुणी काही विचारलं नाही. सज्जनपणाने झाकून ठेवलेली ती तक्रार पाड्याने मग आपापल्या परीने भरून काढली असणार, हे मला तेव्हा सुचलं नाही.

नवा माणूस नेमायचं लांबत गेलं. तोवर मीच म्हणालो, पंप इथूनच सुरू-बंद करता येईल. डब्यात तशी सोय होती. बटण मी घरूनच कुलूपबंद केलं आणि रोज सकाळी साडेसहाला उठून एक ओळ लिहून पंप लावायला लागलो. दोन हजार सोळाचं जवळजवळ अख्खं वर्ष त्या पाड्याचं पाणी माझ्या बोटांवर होतं. एखाद्या दिवशी उठायला उशीर व्हायचा. एखाद्या दिवशी नेट बंद असायचं. मग कुणाचा तरी फोन यायचा, "दादा, आज पाणी नाय." मी म्हणायचो, करतो. टाकी भरली का हे बघायला तिथे कुणी नव्हतं, त्यामुळे कधी ती वाहून जायची, कधी अर्धीच राहायची. ताई असताना असा फोन एकदाही आला नव्हता. तेही मी लक्षात घेतलं नाही.

नव्या पाट्या दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात आल्या. पहिली मी रानशेतला बसवायला गेलो, कारण ती हाताने बदलावी लागते. पंप चालवणाऱ्या तिथल्या बाबांकडे आदल्या दिवशीच मुक्काम केला. सकाळी माझ्यासमोर, माझ्या घड्याळात बरोबर सात वाजता, बाबांनी पंप लावला. पाणी टाकीत पडायचा आवाज आला. चहा घेऊन मी डहाणूला परत आलो, टेबलाशी बसलो आणि सगळं नीट चाललंय ना बघायला रानशेतची नोंद उघडली.

पंप सुरू झाल्याची वेळ होती दुपारी साडेबारा. तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकराच वाजले होते.

मी ती ओळ बराच वेळ बघत राहिलो. मग कागद घेतला. जुन्या प्रोग्राममध्ये डब्याचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालायचं. आपली वेळ त्याच्यापुढे साडेपाच तास. म्हणून माझ्याकडे नोंद आली की तिच्यात साडेपाच तास मिळवले जायचे. नवा प्रोग्राम लिहिताना मी घड्याळाची वेळ मोबाइलच्या टॉवरवरून घेतली होती. ती भारतीयच वेळ होती. आणि तिच्यात माझ्याकडे पुन्हा साडेपाच तास मिळवले जात होते. साडेसहाचे बारा झाले होते. पाचचे रात्रीचे साडेदहा झाले होते. दोन्ही वेळा सारख्याच सरकल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी वजाबाकी केली असती तरी कळलं असतं.

मधलं वर्षभर मी रोज झरीचा पंप स्वतः लावत होतो. तेव्हाही नोंदीत चुकीचीच वेळ उमटत असणार. पण मीच पंप लावतोय म्हटल्यावर ती नोंद मी एकदाही उघडून पाहिली नव्हती. स्वतःवर कोण पहारा ठेवतो?

मी प्रमुखांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे. पण आता तिथे पंचायतीने माणूस नेमलाय, नीट चाललंय. जुनं उकरून काय करणार? प्रोग्राम तेवढा दुरुस्त करा." दुरुस्ती एका ओळीची होती. ती मी त्याच दुपारी केली.

ताईंकडे जायला मला तीन आठवडे लागले. त्या आता उंबरगावच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम करत होत्या. रोज पहाटे टेम्पोने जात आणि रविवारी तेवढ्या घरी असत. मी गेलो तेव्हा त्या ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, पण बस म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. घड्याळ, साडेपाच तास, माझी चूक. त्या सोलत राहिल्या. माझं बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "म्हणजे मी सकाळचाच लावत होते."

"हो."

"ते तर मला ठाऊक होतं."

मी म्हणालो की ऑफिसला कळवलंय, तुमचं नाव आता कागदावर स्वच्छ आहे.

"हापिस मला कुठं ओळखतं?" त्या म्हणाल्या. "पाड्यात सांगितलं का?"

"अजून नाही."

"पाड्यात म्हणतात मी पंपाची तांब्याची तार इकली. कुणी म्हणतं डबा इकायला काढला होता. काय केलं ते सांगितलं नाय तुम्ही. मंग ज्याला जे वाटलं ते."

बाहेर नळावर दोन बायका कळशा घासत होत्या. मी त्याच वेळी उठून त्यांना सांगू शकलो असतो. त्याऐवजी मी म्हणालो, "पुढच्या रविवारी येतो ताई. सगळ्यांना समाजमंदिरात बोलावतो आणि नीट सांगतो." तेव्हा मला वाटलं होतं की जशी बैठकीत चावी घेतली तशीच बैठकीत चूकही कबूल करावी, तेच शोभेल. खरं तर त्या दोन बायकांसमोर जायची माझी हिंमत नव्हती.

त्यांनी वालाची टोपली बाजूला केली आणि निघताना मला पाणी दिलं. फोन नंबर बदललाय म्हणून नवा सांगितला, तो मी लिहून घेतला.

पुढच्या रविवारी वडिलांना दवाखान्यात न्यावं लागलं. ते खरं कारण होतं. त्यानंतरच्या रविवारी तसं कारण नव्हतं. मग पाऊस लागला. मग संस्थेचा प्रकल्प संपला, मला ठाण्याला दुसरी नोकरी लागली. तिथेही कामाचं स्वरूप तेच. फक्त डबे अकरा नव्हते, शेकड्यांनी होते आणि त्यांच्याजवळची माणसं मी कधीच पाहिली नव्हती. एखाद्या डब्याची नोंद विचित्र दिसली की माझे सहकारी म्हणायचे, तिथला माणूस गडबड करतोय. मी म्हणायचो, आधी त्याला फोन करू. त्यांना वाटायचं मी वेळ घालवतो. झरीला मात्र मी फोन करत नव्हतो. नंबर माझ्याकडे होता.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर डहाणूला आलो आणि एका सकाळी कुणाला न सांगता मोटारसायकल काढली. ताईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं की त्या आता उंबरगावलाच मुलीजवळ राहतात, दिवाळीला येतात, नाहीतर येत नाहीत.

बैठकीसाठी मी कुणाला बोलावलं नाही. नळापाशी चार बायका होत्या आणि आंब्याखाली एक म्हातारे गृहस्थ खाटेवर बसले होते. त्यांच्यासमोर उभा राहून मी सांगितलं. मी कोण हे आधी सांगितलं, मग ताईंनी काहीच चुकीचं केलं नव्हतं, पंप रोज वेळेवर लावला होता, चूक माझी होती. त्यांना ग्रीनिच वगैरे सांगत बसलो नाही.

एक बाई कळशी बाजूला ठेवून म्हणाली, "पंप सकाळचा लागायचा ते आमाला ठाऊक हाय. आमीच भरायचो ना पाणी."

"मग त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"

"इचारलं कुणी?" ती म्हणाली. "सकाळचा लागतो का दुपारचा लागतो, असं कुणी इचारलंच नाय. तक्रार हाय म्हणाले. आमाला वाटलं दुसरं काय असंल."

म्हातारे गृहस्थ म्हणाले, "तू त्या संगणकात बघून बोललास म्हणून आमी गप बसलो."

मी जरा लांब जाऊन ताईंना फोन लावला. मागे यंत्रांचा आवाज येत होता. मी म्हणालो, "ताई, पाड्यावर आलोय. सांगितलं सगळ्यांना."

"आता सांगितलं?"

"हो. उशीर झाला."

त्यांनी विचारलं, "कोण कोण होतं?"

मी सांगितलं, चार बायका आणि एक म्हातारे.

"माझी जाऊ होती का? टाकीच्या मागं घर हाय तिचं."

मी फोन हातात धरूनच नळाकडे गेलो आणि विचारलं. नव्हती.

"तिला सांगायचं होतं," ताई म्हणाल्या. "आमचं बोलणं तेव्हापासून नाय. तिच्या पोराच्या लग्नाला मला हळद लावायला पण बोलावलं नाय." मागून कुणीतरी त्यांना हाक मारली. "ठेवते दादा. जेवायची सुट्टी संपली."

मी टाकीच्या मागच्या घरी गेलो. दार उघडं होतं, पण आत कोणी मोठं माणूस नव्हतं. शेजारणीने सांगितलं की ती माहेरी लग्नाला गेली आहे आणि परवा येईल. परवा मला ठाण्याला कामावर हजर व्हायचं होतं. मी शेजारणीला विचारलं, तुम्ही सांगाल का तिला? ती म्हणाली, "सांगीन. पण माझ्या तोंडून तिला पटंल का नाय, ते मी नाय सांगत."

ऊन उतरेपर्यंत मी ताईंच्या जावेच्या ओटीवर बसून राहिलो. मग निघालो.